आगगाडीकडं तोंड केलेलं हॉटेल

मिरजगाव सोडून सोलापूरच्या अंगाला निघालं की थोड्याच वेळात एक उघडा माळ लागायचा, आणि त्या माळावर रस्त्याकडं पाठ करून एक हॉटेल उभं असायचं. पाठ करून म्हणजे अगदी खरोखर पाठ करून. एसटीतून जाणाऱ्याला काय दिसायचं, तर धुरानं काळी पडलेली भिंत, राखेचा ढीग, दोरीवरची धुणी आणि एक बुटकं दार, तेही स्वयंपाकघराचं. आणि पलीकडं, जिकडं बघायला टिटवीशिवाय कुणी नाही, तिकडं चांगले गलेलठ्ठ खांब, शहाबादी फरशीच्या रुंद पायऱ्या, सागाचा दुहेरी दरवाजा आणि वर चुन्यात उठवलेली अक्षरं : ग्रँड रेल्वे हॉटेल. आता तुम्ही म्हणाल, तिथं रेल्वे कुठली? तेच तर. रेल्वे नव्हतीच.

हा सगळा कारभार रंभाजी ठेकेदाराचा. इंग्रजांच्या काळात हा माणूस रेल्वेची मातीकामं आणि खडीची कामं घ्यायचा. त्याच्या बैलगाड्या निघाल्या की पुढची गाडी नगरात आणि मागची अजून सुप्यात, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, लोक म्हणतातच. त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणायचे आणि ते त्याला आवडायचंही. एकदा एका गोऱ्या इंजिनिअरानं त्याला सांगितलं, की अमेरिकेत, कॅनडात रेल्वेचे मालक रानात आधी राजवाड्यासारखं हॉटेल बांधतात आणि मग तिथवर गाडी नेतात. लोक हॉटेल बघायला म्हणून गाडीत बसतात आणि मालक दोन्हीकडनं कमावतो. बस्स! रंभाजीच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच. पुढं नगरहून खाली दक्षिणेकडं नवी लाईन काढायची म्हणून सर्व्हे झाला, जागोजाग खुणेचे दगड रोवले गेले, आणि रंभाजीनं तो अख्खा माळ विकत घेऊन, लाईन जिथून जाणार होती तिकडं तोंड करून हॉटेल बांधलं. चौफेर कमरेएवढी भिंत घातली, तिचं फाटकही लाईनीकडंच; रस्त्याच्या अंगाला फक्त राख टाकायला जाण्यापुरती एक फट. चिनी मातीच्या बश्या मुंबईहून करवून आणल्या, प्रत्येक बशीच्या कडेला आगगाडीचं इंजिन. तेवढ्यात लढाई सुरू झाली, सर्व्हे बंद पडला, साहेब विलायतेला गेला, आणि लाईन जी राहिली ती राहिलीच.

चांगुणा या घरात सून म्हणून आली ती त्या बुटक्या दारातून. तिनं माप ओलांडलं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरचं, कारण सासऱ्याचा, म्हणजे रंभाजीचा, नेम होता : पुढच्या दारातून पहिलं आत येणारं माणूस रेल्वेतून उतरलेलं असेल. तोवर त्या दारातून बाहेर जायला हरकत नाही, पण आत कुणी यायचं नाही. म्हातारा स्वतःसुद्धा हा नेम पाळायचा. रोज संध्याकाळी काळा कोट घालून पुढच्या दारानं व्हरांड्यात जायचा, मोकळ्या माळाकडं बघत आरामखुर्चीत बसायचा आणि अंधार पडायला लागला की सगळ्या इमारतीला वळसा घालून, राखेच्या ढिगाजवळनं, वाकून स्वयंपाकघरातून आत यायचा. पहिल्या वर्षी चांगुणाला हसू आवरायचं नाही. पुढं सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

गिऱ्हाईकंही त्याच दारानं यायची. बियाणं विकणारे, बैलांच्या बाजाराला निघालेले शेतकरी, गाडी बिघडलेले ट्रकवाले.

“अवो, हाटेलात जायाचं कुठनं?” ते बाहेरून विचारायचे.

“माज्या डोक्यावरनं,” चांगुणा आतून म्हणायची. “चपला काडा, मान खाली घाला अन् चुलीला पाय लावू नका, म्हंजी पोचला.”

जो आत यायचा तो जेवून खूश होऊन जायचा. चांगुणाच्या हाताला चवच तशी होती. पण निम्मी माणसं धूर आणि राख बघूनच मिरजगावची वाट धरायची. चांगुणा आतून बघायची आणि तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरानं उलटायची.

नवरा जालिंदर एसटीत कंडक्टर. रेल्वेच्या राजाचा एकुलता एक मुलगा एसटीत तिकिटं फाडतो, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या घशाखाली कधी उतरली नाही. एसटीला तो ‘डबडं’ म्हणायचा. जालिंदरनं घरी येताना खाकी कपडे गोठ्यात उतरवायचे, मगच बापासमोर यायचं. जालिंदर तसा गरीब गाय. इतकी वर्षं गोठ्यात कपडे बदलत आला, ब्र काढला नाही.

मग दुष्काळाचं साल आलं. विहीर तळाला गेली, ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलोच्या भाकऱ्या थापता थापता बायका सरकारच्या नावानं बोटं मोडू लागल्या. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. एवढ्या खडीचं करायचं काय, तर रस्ता रुंद झाला. रुंद रस्त्यावरनं एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या, आणि त्या गाड्यांना वाटेत चहापाण्यासाठी एक थांबा हवा होता. जालिंदरनं डेपोत शब्द टाकला. एक दिवस डेपोचे साहेब जीपमधून आले, वाकून स्वयंपाकघरातून आत शिरले, डोकं चौकटीवर आपटून घेतलं, तरीही पिठल्याला नावं ठेवली नाहीत. आतला मोठा हॉल, आरसे, रांगेनं मांडलेली टेबलं बघून तर त्यांनी चक्क तोंडात बोट घातलं.

“बाई, जागा पहिल्या नंबरची आहे,” निघताना ते म्हणाले. “पण म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका तुमच्या चुलीवरून उड्या मारत येणार का? रस्त्याच्या बाजूनं हॉलला सरळ दार काढा. पाडव्याच्या आत काढलंत तर थांबा तुमचा. नाहीतर मिरजगावात दुसरे तयारच आहेत.”

त्या रात्री जालिंदरनं बायकोला स्पष्ट सांगितलं, “थांबा मिळाला तर बरं. न्हाईतर पाडव्यानंतर कुलूप. नगरला डेपोजवळ खोली बघून ठेवलीया. येवढ्या घराची कौलं शाकारायची माजी ताकद न्हाई आता.”

“आन् आबा?”

“आबा यायचे न्हाईत. त्यांचं कसं करायचं ते मला बी कळंना.”

चांगुणा विझत्या चुलीवर राख ओढत बसली. नगरच्या एका खोलीत ती काय करणार होती? स्टोव्हवर दोन माणसांचा भात? इथल्या चुलीपुढं तिचं उभं आयुष्य गेलं होतं. कुठल्या गिऱ्हाइकाला तिखट चालतं, कुणाला कोरा चहा लागतो, हे तिला तोंडपाठ होतं. सासऱ्यानं हॉटेल बांधलं खरं, पण चालवलं ते चांगुणानं. ते बंद पडलं तर आपण कोण, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला.

सकाळी पदर डोक्यावरून घेऊन ती सासऱ्यापुढं उभी राहिली आणि दाराचं बोलली. म्हातारा असा उसळला, की हातातली कपबशी खडखडली.

“माज्या हाटेलाच्या पाठीला भोक पाडायचं? त्या डबड्यासाटी? चांगुणे, उद्या गाडी आली अन् पॅशिंजर म्होरल्या दारानं आत आला, तर समूर त्याला एसटीचं खरकटं दिसायचं व्हय?”

“आबा, गाडी येईल तवा येईल. तवर आमी खायाचं काय?”

“मी हाय तवर भितीला हात लागायचा न्हाई.”

झालं! म्हाताऱ्याचं ‘न्हाई’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चांगुणा आत गेली आणि जात्यावर दळायला बसली.

आणि काय नवल, पुढच्याच आठवड्यात माळावर जीप आली. तिच्यात दुर्बिणीची तिकाटणी, लोखंडी साखळी, लाल-पांढऱ्या झेंड्या आणि एक तरुण इंजिनिअर. रेल्वेचा सर्व्हे! नगरहून खाली जायच्या जुन्या लाईनीची सरकारनं पुन्हा चौकशी मांडली होती. म्हातारा खुर्चीतून असा उठला, की चांगुणाला वाटलं आता हा पडतो. त्यानं साहेबालाही बुटक्या दारानंच आत नेलं, पहिल्या नंबरची खोली दिली, स्वतःच्या हातानं व्हरांड्यात खुर्ची मांडली. संध्याकाळी दोघं बराच वेळ बोलत बसले. चांगुणा चहा घेऊन गेली तेव्हा साहेब हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि म्हातारा माळाकडं बघत मान हलवत होता. ती आल्यावर दोघंही गप्प झाले. चांगुणा मनात म्हणाली, घ्या, आता दार कसलं अन् काय! आता ह्यांच्या अंगात राजा संचारणार.

दुसऱ्या दिवशी साहेब जुन्या सर्व्हेचे दगड शोधायला निघाला. दगड मिळतात कुठं! एक कुणाच्या तरी न्हाणीत धुणं आपटायला लागला होता, दुसरा गोठ्याच्या भिंतीत गेला होता, तिसऱ्याचा तर पाटा झाला होता आणि त्याच्यावर रोज चटणी वाटली जात होती. शाबूत राहिला होता फक्त एक, आणि तोही का, तर त्याचा म्हसोबा झाला होता म्हणून. हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर लिंबाखाली चौथरा, चौथऱ्यावर शेंदरानं माखलेला दगड. साहेबानं शेंदराच्या थरावरून बोटं फिरवली तशी गोजरबाई केवढ्यानं तरी ओरडली. ही गोजरबाई हॉटेलात भांडी घासायची आणि म्हसोबाची दिवाबत्ती करायची. वयानं म्हाताऱ्याच्या बरोबरीची.

“आरं पायतान काड की मुडद्या! देव हाय त्यो!”

साहेबानं निमूटपणे बूट काढले, नमस्कार केला आणि मग दगडाच्या बाजूनं हात घालून चाचपलं. सर्व्हेवाल्यांची बाणाची खूण लागली. साहेब लहान पोरासारखा हसला.

“आजोबा, हा दगड इथलाच ना?” त्यानं म्हाताऱ्याला विचारलं.

म्हाताऱ्यानं लिंबाकडं पाहिलं, मग खाली ओढ्याकडं पाहिलं. “म्हसोबा हाय साहेब त्यो,” तो म्हणाला. “इतकी वरसं हितंच बसलाया.”

साहेबानं तिथून मोजायला सुरुवात केली. साखळी ताणली गेली, झेंड्या रोवल्या गेल्या. दुपारपर्यंत झेंड्यांची रांग माळावरनं सरळ आली ती हॉटेलच्या भिंतीला भिडली. मग हॉलमधून गेली, स्वयंपाकघरातून गेली, आणि चांगुणाच्या जात्याशेजारी एक खुंटी ठोकली गेली. पीठ सावरत ती बघतच राहिली.

“सॉरी आजोबा,” साहेब म्हणाला. “लाईन झालीच, तर ती तुमच्या इमारतीतनं जाणार. ही पाडावी लागेल.”

सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता कोसळणार. पण म्हाताऱ्यानं कोटाची बटणं लावली, एकदा सगळ्या हॉलवरनं नजर फिरवली आणि म्हणाला, “पाडा की. हाटेल लाईनीसाटीच तर बांधलं हुतं.”

चांगुणाच्या अंगाची लाहीलाही झाली. पाडा की! एवढ्या वर्षांची चूल, एवढ्या वर्षांचा धूर, आणि हा माणूस भाजी चिरावी इतक्या सहज म्हणतो, पाडा की! संध्याकाळी गोजरबाईबरोबर भांडी घासताना तिनं सगळा राग काढला. एकेक पातेलं असं आपटलं की गोजरबाईला हसू आलं.

“कशाला भांड्याचा जीव घेती गं?” ती म्हणाली. “त्या साहेबाला काय अक्कल! म्हसोबा का सुरवातीपासनं लिंबाखाली हुता व्हय? त्यो खाली वड्याच्या काठाला हुता. पूर आला, दगड वाहून जातोय म्हनल्यावर उचलून वर आनला. आनला कुनी म्हनशील तर—”

“गप! गप मावशी!” चांगुणानं ओल्या हातानंच तिचं तोंड दाबलं. “हे कुनाजवळ बोलू नगस. माजी आन हाय.”

गोजरबाईनं डोळे मोठे केले आणि पुढचं गिळलं.

चांगुणाला एका क्षणात सगळं उमगलं होतं. दगड हलवलेला. म्हणजे साहेबाचं मोजमाप चुकलेलं. ओढ्याच्या काठापासून मोजलं तर लाईन हॉटेलसमोरून, पायऱ्यांपुढून, म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी योजली होती तिथूनच जाणार. हे आत्ता सांगितलं तर हॉटेल कागदावर तरी वाचेल. पण मग म्हातारा आणखी दहा वर्षं त्या माळाकडं बघत बसेल, भिंतीला हात लावू देणार नाही, पाडवा निघून जाईल आणि कुलूप लागेल. आणि नाही सांगितलं तर? तर काय होईल हे तिला कळत नव्हतं. ‘उद्या सांगते’ म्हणत ती झोपली.

उद्या उजाडलं तेव्हा म्हातारा स्वतःच स्वयंपाकघरात आला.

“चांगुणे, गवंडी बोलीव.”

“कशापायी?”

“तुला दार पायजे हुतं न्हवं? न्हाईतरी भित लाईनीत जानार. पाडायचीच हाय तर आधी तुज्या कामाला येऊ दे.”

एवढी वर्षं ज्या भिंतीनं चांगुणाचा जीव घेतला, ती भिंत हा माणूस एका चुकीच्या खुंटीपायी देऊन टाकत होता. आणि ती चूक तिला ठाऊक होती. आत्ता बोलावं, की आबा, थांबा, तुमची लाईन तुमच्या दारापुढनंच आहे? शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले. मग तिला नगरची खोली दिसली, स्टोव्ह दिसला. ती खाली बघत एवढंच म्हणाली, “सांगते बोलवायला.”

मिरजगावचा कानिफनाथ गवंडी आला. त्यानं रस्त्याच्या बाजूची हॉलची भिंत फोडली आणि पुढची कुंपणाचीही. पहार बसेल तसा हॉलमध्ये उजेड शिरत गेला, आणि ज्या आरशांनी आजवर फक्त मोकळा माळ पाहिला होता त्यांत रस्ता, खडी, ट्रक दिसू लागले. चांगुणाला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण दर संध्याकाळी व्हरांड्यात चहा नेऊन द्यायची वेळ आली की ती उगीचच भांडी आवरत बसायची. मग कप ठेवायची आणि वर न बघता वळसा घालून परत यायची. म्हाताऱ्याची रेल्वे आपण चोरली, असं तिला वाटत राहिलं, आणि ते वाटणं भाकरी थापतानाही जाईना.

साहेब झेंड्या गुंडाळून गेला. डेपोचे साहेब पुन्हा आले, या वेळी मान ताठ ठेवून सरळ दारातून आत शिरले, आणि थांबा मंजूर झाला. पहिली गाडी पाडव्याच्या दिवशी दुपारी येणार, आणि तिच्यावर कंडक्टर जालिंदरच असणार, असंही ठरलं.

पाडव्याला चांगुणानं सकाळीच गुढी उभारली, भज्यांचं पीठ भिजवलं आणि नारळ घेऊन ती म्हसोबाला गेली. देवापुढं तरी कबूल करावं, असं तिच्या मनात होतं. गोजरबाई चौथरा झाडत होती.

“मावशी, मी लई वंगाळ वागले गं,” चांगुणा म्हणाली. “दगड हलवल्याचं मी आबांना सांगितलंच न्हाई. त्यांना फसवून दार काडून घेतलं.”

गोजरबाईनं झाडू खाली ठेवला. “आगं येडी का खुळी तू? त्या दिशी बोलू दिलं न्हाईस, न्हाईतर तवाच सांगितलं असतं. म्हसोबा वर आनला त्यो तुज्या सासऱ्यानंच! त्याचीच बैलं, त्याचीच गाडी. ह्यो चौथरा बी हाटेलाच्या उरल्या चुन्याचा हाय. रेल्वेचा दगड वाहून गेला तर रेल्वे कशी यायची म्हून सोता पुरात उतरला हुता. पानी वसरलं की माघारी ठेवतो म्हनला. तवर आमी शेंदूर लावला, नारळ फोडला. मंग देवाला कोन हलीवतंय!”

चांगुणानं नारळ तसाच चौथऱ्यावर ठेवला आणि ती तडक हॉटेलकडं निघाली. माळाच्या बाजूनं गेली, फाटकातून आत शिरली, पायऱ्या चढली. म्हातारा भर दुपारचा कोट घालून आरामखुर्चीत बसला होता, रिकाम्या माळाकडं तोंड करून.

“आबा, म्हसोबा वड्यावरनं वर कुनी आनला?”

म्हातारा हलला नाही. “गोजरीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई,” तो म्हणाला.

“तुमाला ठावं हुतं. साहेब चुकीचं मोजतोय हे तुमाला त्याच घटकंला ठावं हुतं. मंग बोलला का न्हाई? तुमची लाईन तुमच्या म्होरनं गेली असती.”

“लाईन!” म्हाताऱ्यानं पायऱ्यांकडं हात केला. “पहिल्याच सांजंला साहेब हितं बसून म्हनला, आजोबा, खोटं कशाला बोलू, हे समदं फायलीत जायाचं. दुष्काळात चौकशी काडलीया, पाऊस पडला की ईसरतील. लाईन काय व्हायाची न्हाई.” त्यानं हात परत मांडीवर घेतला. “इतकी वरसं मला कुनी तोंडावर सांगितलं न्हवतं गं. समदी म्हनायची, येईल ठेकेदार, येईल.”

चांगुणा पायरीवर बसली. “मंग तवाच मला म्हनायचं, की पाड भित.”

“कसं म्हनू? लाईन येत न्हाई असं माज्या तोंडानं म्हनू? तुज्याम्होरं? जालिंदराम्होरं?” म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “भित लाईनीत जातीया म्हनल्यावर म्हनता आलं. साहेबाची खुंटी चुकली ते बरंच झालं. आन् तू का गप बसलीस? तुला बी ठावं हुतं.”

“तुमाला कसं कळलं?”

“त्या रोजपास्नं च्या देताना माज्याकडं बघत न्हवतीस.”

चांगुणाला रडू फुटलं. राग होता, लाज होती, आणि या हट्टी म्हाताऱ्याविषयी आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी माया होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूला एसटीचा हॉर्न वाजला.

म्हातारा उठला. सवयीनं पायऱ्या उतरून इमारतीला वळसा घालायला निघाला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. मग मागं वळला, पायऱ्या पुन्हा चढला आणि त्या सागाच्या दरवाजासमोर उभा राहिला.

“चल,” तो म्हणाला. “वळसा घालत बसलो तर पॅशिंजर ताटकळंल.”

“आबा, ह्या दारानं?”

“मंग? चल म्हनतो न्हवं.”

म्हाताऱ्यानं उंबरा ओलांडला. त्याच्या मागोमाग चांगुणानं. सून म्हणून आल्याला किती वर्षं झाली होती, आणि पुढच्या दारातून घरात ती आज पहिल्यांदा येत होती. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली. उगीचच उजवा पाय आधी टाकला.

हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या दारातून माणसं आत येत होती. गाठोडी, पिशव्या, कडेवरची पोरं, एक आजी काठी टेकत. सगळ्यात मागं जालिंदर, अंगात खाकी. बापाला समोर बघून तो जागच्या जागी थिजला आणि गोठा कुठं आहे ते बघू लागला.

“टोपी नीट कर,” म्हातारा म्हणाला. “पॅशिंजर बघत्यात.” मग तो माणसांकडं वळला, कोटाची बटणं चाचपली आणि हात जोडले. “या, या. लई लांबनं आला. बसा.”

चांगुणा स्वयंपाकघराकडं पळाली. कढईत पहिला घाणा सोडते न सोडते तोच म्हातारा दारात आला.

“चांगुणे, इंजिनाच्या बश्या काड.”

“आबा, त्या तर रेल्वेच्या...”

“बश्याच हायेत्या,” म्हातारा म्हणाला. “भजी काय त्यांच्या हातावर देनार हायस?”

चांगुणानं कपाट उघडलं. बश्यांवर बोटभर धूळ होती. तिनं पदरानं पहिली बशी पुसली आणि भजी वाढली.